थंड गाडीला बांधलेलं

साहेब, गाडी तुम्ही अडवून ठेवलीत. पहाटे निघायची गाडी तुम्ही भर उन्हात सोडलीत आणि नंतर सगळं आमच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर घालून मोकळे झालात. तुमचं नाव मी लिहीत नाही. भीती वाटते म्हणून नाही. नाव लिहिलं की लोक नावावरच बोलत बसतील, आणि मला जे विचारायचं आहे ते बाजूला राहील.

त्या सकाळी मी रेशमाच्या बीज केंद्राच्या व्हरांड्यात खोके कवटाळून बसले होते. भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे खोके, आत कोशाच्या किड्याची अंडी. ज्वारीच्या दाण्याहून बारीक अंडं. ते जंगलात ऐनाच्या झाडावर न्यायचं, त्यातून अळी निघते, पाला खाते, मोठी होते, स्वतःभोवती कोसा विणते. त्या कोशातून रेशीम. आम्ही ढीवर. तळ्यातले मासे आणि झाडावरचा कोसा, यावरच आमची अख्खी वस्ती, येनबोडी टोला, पोट भरते. अंडी वर्षातून ठरल्या वेळी मिळतात. ती गेली की झाडं मोकळी आणि माणसंही मोकळी. त्या साली अंडी आणायला टोल्यानं मला पाठवलं होतं, कारण मामाजी त्याच केंद्रात कामाला होते आणि मला वाट पाठ होती.

मामाजी म्हणजे माझे सासरे, डोमाजी मारबते. रोजंदारीवर लागले ते तसेच म्हातारे झाले. त्यांचं काम एकच. उन्हाळाभर बियाण्याच्या कोशांच्या माळा खोल्यांत टांगलेल्या असतात, त्या खोल्यांच्या दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे बांधायचे आणि ते सुकू द्यायचे नाहीत. बाहेरचा वारा ओल्या वाळ्यातून आत शिरला की थंड होतो. घरी यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला वाळ्याचा वास यायचा. आमची सासू म्हणायची, "तुमचा मामा घामानं नाही, सरबतानं भिजते." ती बिचारी त्याच चैतात गेली. तेव्हापासून मामाजी अर्धे इथं, अर्धे कुठं तरी असायचे.

"मामाजी, निघाची वेळ टळून चालली," मी म्हटलं. "ऊन पाहा किती चढलं."

"साहेबानं सांगतलं, पाहुणे आल्याबिगर गाडी हालत नाही."

"पाहुणे कवा येतीन?"

"साहेबानं सांगतलं, येतीन."

मामाजींचं हे असंच होतं. प्रत्येक गोष्ट साहेबानं सांगितलेली. वरणात मीठ कमी पडलं तरी माझा नवरा म्हणायचा, "बाबा, साहेबानं सांगतलं असन, कमी टाका म्हणून." म्हातारा हसायचा नाही. त्याला खरंच वाटायचं की एवढं मोठं जग कुणी तरी सांगितल्याशिवाय चालत नसणार.

अंगणात नवी गाडी उभी होती. मागं सामानाचा उघडा डाला आणि पुढं चार माणसं बसतील अशी केबिन असलेली पांढरी पिकअप. चार-आठ दिवसांपूर्वीच आलेली. आधी अंडी जुन्या जीपमधून जायची, ओलं फडकं टाकून, पहाटेच्या गारव्यात. आता एसी गाडी. टोल्यात तिचं नाव आधीच पडलं होतं, 'थंडी गाडी'. म्हणून तर पाहुणे. ते झेंडी दाखवणार, मग गाडी निघणार.

तुम्ही आलात तेव्हा मी उभी राहिले. आठवत नसेल तुम्हाला. मी म्हटलं, "साहेब, अंड्याईले ऊन सोसत नाही. आमाले जाऊ द्या. झेंडी मागून दाखवा."

तुम्ही म्हणालात, "बाई, एसी आहे गाडीला. आत बसल्यावर तुम्हालाच हुडहुडी भरेल. शाल आणली का?"

सगळे हसले. मीही हसले. नवी वस्तू होती, हसू आलं.

मग मी जे पाहिलं ते लिहिते. जेवढं पाहिलं तेवढंच. तुम्ही गाडीच्या समोर उभे होतात. मामाजी तुमच्यासमोर, हात जोडलेले. तुम्ही गाडीच्या तोंडाकडं बोट दाखवून काही तरी बोललात. मामाजींनी मान हलवली. तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला आणि तुम्ही तिकडं पळालात. मी व्हरांड्यात, तुम्ही अंगणाच्या त्या टोकाला. शब्द ऐकू आला नाही. त्या वेळी तो ऐकावा असं वाटलंही नव्हतं.

पाहुणे आले. आधी आत त्यांचं चहापाणी झालं, तेवढा वेळ मी खोके आतल्या गारव्यात नेऊन बसले. मग नारळ फुटला. ड्रायव्हर मुखरू गेडाम पाहुण्यांच्या ड्रायव्हरांबरोबर पोहे खायला गेला होता, तो हात पुसत आला. मी खोके मागच्या सीटवर मांडले, उरलेले मांडीवर घेतले. झेंडी हलली. गाडीच्या तोंडावर झेंडूचा जाड हार होता. "येनबोडीत फोटो होईपर्यंत काढू नका," असं तुमच्या शिपायानं बजावलं.

ऊन डोक्यावर आलं होतं.

*

सुरुवातीला गाडी खरंच थंड होती. खोटं कशाला बोलू. मुखरूभाऊनं बटण फिरवलं आणि तोंडावर असा गार वारा आला की मी पदर ओढून घेतला.

"वयनी, शाल आणली काय?" मुखरूभाऊ म्हणाला.

"गप बसा."

"वास पाहा कसा येऊन रायला. कंपनीनं सेंट मारून देल्लं वाटते."

वास वाळ्याचा होता. मला वाटलं, माझ्या लुगड्यालाच लागलेला असेल, केंद्रात रात्र काढली होती. खोक्यांवरून हात फिरवत बसले. बाहेर मृग लागूनही ढगाचा पत्ता नव्हता. रस्त्याकडेची बाभूळसुद्धा पानं मिटून उभी होती. आत आम्ही दोघं गारव्यात. मला उगाच अपराध्यासारखं वाटलं, आणि छानही वाटलं.

वैनगंगेचा पूल ओलांडला आणि वास गेला. पाठोपाठ गारवा गेला.

"मुखरूभाऊ, कमी केलं काय?"

"नाही वो. पुरा फिरवला हाय."

वारा जोरात येत होता, पण तो पंख्याचा वारा. जरा वेळानं नुसता कोमट. त्यानं काच वर आहे का पाहिलं. दार नीट लागलंय का पाहिलं. एक बटण होतं, बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवायचं. ते दाबलं. थोडा वेळ बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

"नवी गाडी ना वो हे," तो गाडीलाच म्हणाला. "नव्या नवरीवानी काहून रुसतं?"

"भाऊ, मस्करी नका करू. अंडी हायेत."

"मस्करी नाही करत. मले समजूनच नाही रायलं."

तो थांबला, बॉनेट उघडून पाहिलं, पुन्हा बसला. म्हणाला, सगळं जागेवर दिसते. चालू केलं की थोडा वेळ गार, मग गरम. असं दोनदा-तीनदा झालं. दर वेळी मला वाटायचं, आलं, आता आलं. आणि दर वेळी तो गारवा मध्येच आटायचा. एकदम गेला असता तर बरं झालं असतं, काच उघडून आपला रस्ता धरला असता. पण तो येत होता आणि जात होता, आणि आम्ही त्याच्या आशेवर बंद काचांच्या आत भाजत होतो.

फाट्यावर एक गॅरेज होतं. मिस्त्रीनं हात आत घालून वारा पाहिला आणि लगेच निदान केलं.

"गॅस कमी आहे."

"नवीन गाडी हाय, भाऊ," मी म्हटलं.

"नवीन गाडीतच कमी देतात, ताई. वरून भरून घ्यायला लागतो."

मुखरूनं माझ्याकडं पाहिलं. मी खोक्यांकडं पाहिलं. म्हटलं, भरा. त्यानं बॉनेट उघडून नळी जोडली. वाकून समोर पाहिलं आणि म्हणाला, "जाळी भारी दिलीय कंपनीनं. किडे शिरायचे नाहीत." मुखरू म्हणाला, "हाव, मीबी पायली." मी खोके सावलीत घेऊन ओल्या रुमालानं झाकत होते. कोणती जाळी, हे मी विचारलं नाही.

गॅस भरला. गाडी सुरू केली. पहिल्यापेक्षा गरम.

"असं कसं?" मिस्त्री म्हणाला. त्याचं तोंड खरंच पडलं. "व्हायला पाहिजे होती. थोडी चालवून पाहा. वारा लागला समोरून की होईल."

चालवून पाहिली. झाली नाही. उलट इंजिनचा काटाही वर सरकायला लागला. मी मांडीवरच्या खोक्याच्या भोकाला गाल लावला. आतून काय कळणार? अंडं मेलं तरी त्याच दिवशी रडत नाही. गोल असतं, तसंच गोल दिसतं. आठवड्यानं कळतं, सगळी माणसं झाडाखाली वर तोंड करून उभी असतात तेव्हा.

"फोन लावा केंद्रात," मी म्हटलं. "परत यावं का पुढं जावं, विचारते."

मुखरूनं लावून दिला. तुमच्या शिपायानं उचलला. साहेब पाहुण्यांबरोबर जेवायला गेले, म्हणाला. म्हटलं, मग आमच्या मामाजीले द्या. बराच वेळ नुसता खरखराट. मग मामाजी आले. फोनवर ते नेहमी ओरडून बोलायचे आणि केंद्रातल्या लोकांसारखं बोलायला पाहायचे.

"मामाजी, गाडी थंड नाही होऊन रायली. अंड्याईचं काय करू?"

"ताटी बांधली हाय ना."

"काय?"

"ताटी. बांधली हाय म्या. पाणी पाजा तिले. पाणी पाजत राहा."

आमच्या टोल्यात ताटी म्हणजे एकच. बांबूची, मेलेल्या माणसाला मसणात न्यायची.

"कोणाची ताटी, मामाजी? कोण गेलं?"

"समोर बांधली हाय! समोर! साहेबानं सांगतलं..."

आणि रेंज गेली.

"काय म्हणते बुढा?" मुखरूनं विचारलं.

"ताटी बांधली म्हणते. पाणी पाजा म्हणते."

मुखरूनं गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच होतं. आम्ही दोघं खाली उतरून समोरच्या झेंडूच्या हाराकडं बघत उभे राहिलो. तो पार सुकून काळवंडला होता.

"घरून कोणाचा फोन आल्ता काय केंद्रात?" तो हळूच म्हणाला.

मला नवरा आठवला. पोरगी आठवली. मग आठवलं, सासूची ताटी आमच्या दारासमोरच बांधली होती, आणि तिच्या तोंडात शेवटचं पाणी मामाजींनीच घातलं होतं. वाटलं, म्हातारा त्याच दिवसात परत गेला. उन्हानं डोकं फिरलं. किंवा खरंच कोणी तरी गेलं आणि मला कसं सांगावं ते त्याला कळेना. यातलं एक खरं असणार. कुठलं, ते कळायला मार्ग नव्हता.

"परत फिरू काय, वयनी?"

"परत गेलो तर ऊन कमी होईन काय?"

"नाही."

"मंग चला पुढे. जे मेलं ते मेलं. जे खोक्यात हाय ते तरी पोचू द्या."

असं मी म्हटलं. माझ्याच तोंडून असं निघालं याची मला त्या वेळी भीती वाटली. नंतर सगळ्या वाटेनं मी पोरीचं नाव मनात घेत होते.

*

एका गावाबाहेर काटा पार वर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. बाजूला हापसा होता. मुखरूनं डबा भरला आणि फडकं गुंडाळून इंजिन शांत करायला गेला. आधी समोरून, हाराच्या आडून, पाणी मारलं.

वास आला.

मी खोके घेऊन सावलीला बसले होते. वास माझ्यापर्यंत आला. ओल्या वाळ्याचा. केंद्राचा. मामाजींच्या अंगाचा. क्षणभर वाटलं, मामाजी मागं येऊन उभे राहिले. मी खरंच वळून पाहिलं. मागं नुसता रस्ता.

"मुखरूभाऊ, अजून मारा पाणी."

"काहून?"

"मारा म्हणते ना."

त्यानं आणखी एक डबा मारला. वास भपकन वर आला. मी उठले, हार बाजूला केला आणि गाडीच्या तोंडातल्या फटींमध्ये बोटं घातली. आत खरबरीत, जाड, गवती काही तरी. वरून ओलं, आतून सुकं.

"हे काय हाय?"

"हे जाळी नाही काय वो? कंपनीची? म्या बॉनेट उघडलं तवा पायली. म्हटलं, किडे शिरू नाही म्हणून देल्ली असन."

"वाळा हाय हा."

मुखरूनं बॉनेट उघडलं. मी वाकले. गाडीच्या तोंडाच्या आणि आतल्या जाळीदार पत्र्याच्या मध्ये, बरोबर मापाचा, घट्ट विणलेला वाळ्याचा पडदा. चारी कोपरे सुतळीनं बांधलेले. गाठ मी ओळखली. जाळ्याची गाठ होती, पाण्यात गेली की आणखी आवळते, ती. आमच्या घरात अशी गाठ तीन माणसं बांधतात. सासू गेली. नवरा टोल्यात होता.

"ताटी," मुखरू एकदम म्हणाला. "अवो वयनी, केंद्रात याले ताटीच म्हणतेत. वाळ्याची ताटी. 'ताटी भिजवली काय, डोमा?' असं साहेब रोज पुसते."

मी खाली बसले. आधी पोरगी जिवंत झाली. मग नवरा. मग हसू आलं, आणि ते हसू मधेच काही तरी वेगळंच झालं. मुखरू घाबरून म्हणाला, "पाणी देऊ काय?" आणि मग त्यालाही त्या वाक्याचं हसू आलं.

नंतर एकानं समजावलं. एसीची गरमी त्या समोरच्या जाळीदार पत्र्यातून बाहेर पडते. त्यातून वारा आरपार जायला पाहिजे. वाळा ओला होता तोवर काम निभावलं. वाळा सुकला, वर धूळ बसली, वर हार, आणि वाट बंद. पण मामाजींनी आयुष्यभर एकच पाहिलं होतं. वारा जिथून आत शिरतो तिथं ताटी बांधायची, तिला पाणी पाजायचं. गाडीत वारा कुठून शिरतो? तोंडातून. त्यांच्या हिशेबानं सगळं बरोबर होतं. पाणी पाजायला फक्त कोणी नव्हतं. आम्हाला सांगितलं का नाही? गाडी निघाली तेव्हा ते मागून धावत काही तरी ओरडत होते. मला वाटलं, निरोप देतायत. मी हात हलवला.

आम्ही गाठी कापून ताटी काढली. हार फेकून दिला. तरी एसी धरेना. बहुतेक वरून भरलेला गॅस नडत होता. मग मी म्हटलं, काचा उघडा. ती ताटी हापशाखाली निथळत भिजवली, ऊन येत होतं त्या बाजूच्या खिडकीला बाहेरून बांधली, आणि आम्ही निघालो. दर पाणवठ्याला थांबून भिजवत. वारा ताटीतून आत आला आणि गार लागला. थंडी गाडी तेव्हा कुठे थंड झाली. पण तोवर दुपार सरली होती.

*

आठवड्यानं टोल्यातली माणसं झाडाखाली उभी राहिली. काही फांद्यांवर अळ्या चढल्या, पुष्कळ फांद्या तशाच राहिल्या. पाला हिरवागार आणि खाणारं कोणी नाही. माझ्या नवऱ्यानं राखणीची झोपडी बांधायला घेतली होती, ती अर्धी सोडली. त्या पावसाळ्यात आमच्या टोल्यातल्या बायका दुसऱ्यांच्या धानात रोवणीला गेल्या. कोणी मला काही बोललं नाही. न बोलणंही मला कळत होतं.

मग तुम्ही चौकशीला आलात. खुर्च्या मांडल्या. मुखरूला विचारलं, मला विचारलं, सगळं ताटीबद्दल. ताटी कुठं होती, केवढी होती, केव्हा दिसली.

मी म्हटलं, "साहेब, गाडी पहाटे काहून नाही सोडली?"

"बाई, मुद्द्याचं बोला."

"हाच मुद्दा हाय."

"गाडीला एसी होता. एसी ताटीमुळे बिघडला. एवढं सरळ आहे." आणि तुम्ही मामाजींकडं वळलात. "डोमाजी, ताटी कुणाच्या सांगण्यावरून बांधली?"

मामाजी उभे होते. तुमच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "साहेबानं सांगतलं."

सगळे हसले. तुमच्या बरोबरचे तर हसलेच, आमचा टोलाही हसला. माझा नवरा हसला. वर्षानुवर्षांची सवय. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "अरे बाबा, मी हार बांधायला सांगितला होता. हार!"

म्हाताऱ्याच्या तोंडावरचं मी पाहत होते. आधी काहीच नव्हतं. मग पाण्यात दगड पडून गाळ उसळावा तसं काही तरी झालं.

"हार म्हनले काय जी तुमी?"

"हो. हार."

"मंग हारच असन जी," मामाजी म्हणाले. "हाव. हारच."

झालं. तुमची चौकशी तिथं संपली. मामाजींना त्या दिवसापासून कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. तेही साहेबानंच सांगितलं.

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. मी कितीदा विचारलं. भाकरी वाढताना, जाळं विणताना, सहज. "मामाजी, साहेब नेमकं काय म्हनला होता?"

एकदा म्हणाले, "डोमा, समोर बांधून घे, म्हनला."

"काय बांधून घे?"

"आता वारा शिरते तिथं माणूस दुसरं काय बांधते, बाई?"

दुसऱ्या वेळी म्हणाले, साहेबानं ताटीचंच नाव घेतलं. आणि एकदा, आजारी होते तेव्हा, माझा हात धरून म्हणाले, "हार म्हनला असन. मलेच ताटी ऐकू आली. त्याच उन्हाळ्यात तुह्या सासूची बांधली होती ना."

मला वाटतं, तुम्ही बोट दाखवलं तेव्हा हार आधीच बांधलेला होता, मग तो बांधायला पुन्हा कशाला सांगाल? पिवळं काही तरी माझ्या डोळ्यांपुढं आहे. मुखरूभाऊ म्हणतो, नव्हता, हार पाहुणे आल्यावर शिपायानं बांधला. तो तेव्हा पोहे खात होता, त्यालाही नक्की सांगता येत नाही. मी रात्रंदिवस त्या अंगणात उभी राहून पाहिलं आहे. कधी हार दिसतो, कधी दिसत नाही. तुमचं तोंड हलतं, आवाज येत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही मामाजींची ताटी बांधली. दारासमोर. माझ्या नवऱ्यानं तीच जाळ्याची गाठ मारली. पोरीनं त्यांच्या तोंडात पाणी घातलं.

आता ते 'हाव जी' म्हणायला नाहीत. गाडी का अडवली ते मी तुम्हाला विचारत नाही, ते अख्ख्या टोल्याला माहीत आहे. मला एवढंच सांगा. त्या वेळी गाडीसमोर दोनच माणसं होती, त्यातलं एक गेलं. गाडीच्या तोंडाकडं बोट दाखवून तुम्ही आमच्या म्हाताऱ्याला काय बांधायला सांगितलंत? हार म्हणालात? ताटी म्हणालात? की नुसतंच 'बांधून घे' म्हणून पाहुण्यांकडं पळालात?

हसू नका. त्या दिवशी हसून झालं आहे. सांगा.